भिवंडीत सहा चित्रे घेऊन

आमच्या घरात भिवंडीचे नाव बरीच वर्षे रागानेच घेतले जाई. वडील परळच्या एका गिरणीत रिंग खात्यात होते. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. वडील जे घरी आले ते पुन्हा गिरणीत गेलेच नाहीत. मी तेव्हा सातवीत होतो. संप लांबत गेला तसे चाळीतल्या गप्पांत एक वाक्य सारखे कानावर पडू लागले, "आपला संप भिवंडीने मोडला."

त्यात तथ्य नव्हते असे नाही. गिरण्या बंद असताना कापडाची मागणी काही थांबली नव्हती. ते काम भिवंडीच्या यंत्रमागांकडे वळले. पुढे गिरण्यांनी मोडीत काढलेले कित्येक माग भंगाराच्या भावाने इथे येऊन पुन्हा उभे राहिले. म्हणजे आमच्या घरातली चूल विझली आणि तिकडे कोणाची तरी पेटली, एवढेच आम्हां पोरांना कळत होते. ती चूल कोणाची, त्यावर काय शिजते, हे पाहायला मात्र आमच्यापैकी कोणी कधी गेले नाही. परळपासून भिवंडी पन्नास किलोमीटरही नाही. मला तिथे जायला चाळीस वर्षांहून अधिक काळ लागला.

निमित्त झाले ते असे. माझ्याबरोबर पूर्वी शाळेत असलेल्या एक बाई आता भिवंडीत विहाराला लागून असलेल्या खोलीत दर रविवारी मुलांचा वर्ग घेतात. मी चित्रकला शिक्षक. त्यांनी फोन करून बोलावले. म्हणाल्या, "सर, एकदा या. पण डोंगर, नदी, दोन नारळाची झाडे आणि मधून उगवणारा सूर्य, हे नको. ते यांना पाठ आहे."

मी विचारात पडलो. मग कपाटातल्या एका जुन्या पुस्तकातली सहा चित्रे आठवली. झेरॉक्सच्या दुकानात जाऊन ती मोठी करून घेतली, नळी करून पिशवीत टाकली आणि निघालो.

कल्याणहून पलीकडे

कल्याण स्थानकाबाहेरून भिवंडीची गाडी मिळते. दुर्गाडी किल्ल्याच्या पायथ्याचा पूल ओलांडला, खाडी मागे पडली, की कोन गाव लागते. पुढे रांजणोली नाक्यावर मुंबई-नाशिक महामार्ग आडवा येतो. इथपर्यंत कंटेनर आणि गोदामे. एके काळी भाताची शेते असलेल्या या पट्ट्यात आता देशभरच्या मालाची पोती आणि खोकी साठवली जातात. त्यानंतर टेमघर, मग कल्याण नाका, आणि गाडीतून पाय खाली ठेवण्याआधीच आवाज सुरू होतो. खटखट, खटखट. एका मागाचा नव्हे, हजारोंचा. गल्लीत शिरावे तसा तो वाढत जातो. बाई न्यायला आल्या होत्या. त्या बोलत होत्या, मी नुसती मान हलवत होतो. त्या हसल्या. "दोन दिवस राहा सर, मग ऐकू येणे बंद होते."

भिवंडीचा विणकाम हा नवा धंदा नाही. १८५७ च्या उठावानंतर उत्तरेकडच्या मोमीन विणकरांची कुटुंबे दक्षिणेकडे सरकली. त्यांतली काही मालेगावला राहिली, काही इथे आली. घरोघर हातमाग होते. १९३० च्या सुमारास विजेवरचे माग आले आणि गावाचा चेहरा पालटला. तेलंगणातून पद्मशाली विणकर आले. नंतर उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा येथून माणसे येत राहिली. आज लाखांनी माग असलेले हे देशातले सर्वांत मोठ्या यंत्रमाग-केंद्रांपैकी एक आहे. आपल्या अंगावरच्या सदऱ्याचे अस्तर, उशीचा अभ्रा, शाळेच्या गणवेशाचे कापड यांतले काही ना काही इथून गेलेले असते.

बाईंनी ओळख काढून एका कारखान्यात नेले. कारखाना म्हणजे पत्र्याचे छप्पर असलेली लांबट खोली, दोन्ही बाजूंना मागांच्या रांगा आणि मधून एक माणूस जेमतेम जाईल एवढी वाट. दिव्यांवर, भिंतींवर, माणसांच्या भुवयांवर कापसाचे तंतू. धोटा उजवीकडून डावीकडे, डावीकडून उजवीकडे आपटतो. एकेक कामगार चार, सहा, कुठे आठ माग सांभाळतो. ताण्याचा धागा तुटला की धावायचे, गाठ मारायची, धोट्यातली कांडी संपली की बदलायची, पुन्हा दुसऱ्या मागाकडे. पाळी बारा तासांची. पगार मीटरवर. माग थांबला, वीज गेली, सूत खराब लागले, की मीटर थांबतो आणि त्याबरोबर पगारही. सूत व्यापाऱ्याचे, कापड व्यापाऱ्याचे. मधले श्रम तेवढे आपले. तिथे कोणी बोलत नाही. ओठ आणि बोटे हलतात, तेवढ्यावर सगळे चालते.

मी पिशवीतली नळी घट्ट धरून उभा होतो. ज्यांच्यावर आम्ही इतकी वर्षे रागावलो होतो ती ही माणसे. त्यांतल्या एकाची पाठ अगदी माझ्या वडिलांसारखी वाकलेली होती.

विणकरांची चित्रकार

आता त्या सहा चित्रांविषयी सांगतो. ती केथे कोलवित्झ या जर्मन बाईंची. जन्म १८६७ चा, कोनिग्सबर्ग शहरातला. पती कार्ल डॉक्टर. १८९१ मध्ये लग्न करून दोघे बर्लिनच्या कामगारवस्तीत राहू लागली. कार्ल हे शिंपी कामगारांच्या आजार-निधीचे डॉक्टर. दवाखाना आणि घर एकाच इमारतीत. त्यामुळे आजारी मुले, बेकार नवरे, दिवस राहिल्याने हवालदिल झालेल्या बाया रोज जिना चढून येत. केथेबाई हे सारे बघत आणि काढत. त्यांनी पुढे प्रांजळपणे लिहून ठेवले आहे की सुरुवातीला त्या कामगारांकडे दयेपोटी वळल्या नाहीत. त्यांना ती माणसेच सुंदर वाटली. दुःखाची खरी ओळख नंतर दवाखान्यात झाली. मला ही कबुली फार मोलाची वाटते. जो दयेने बघतो तो वरून बघतो. ज्याला समोरचा माणूस सुंदर दिसतो तो त्याच्या बरोबरीने उभा असतो.

१८९३ मध्ये त्यांनी गेरहार्ट हाउप्टमान यांचे 'विणकर' हे नाटक पाहिले. पोलिसांनी त्याचा जाहीर प्रयोग रोखला होता, म्हणून एका खासगी नाट्यसंस्थेने तो आपल्या सभासदांसाठी केला. नाटकाचा विषय १८४४ च्या जून महिन्यातला. सायलेशिया प्रांतात घरोघर हातमागावर कापड विणणारे लोक यंत्रांवरच्या स्वस्त मालापुढे टिकेनासे झाले. व्यापारी दर पाडत गेले. शेवटी विणकरांनी एका व्यापाऱ्याच्या वाड्यावर चाल केली. लष्कर आले, गोळीबार झाला, अकरा माणसे मेली.

केथेबाईंनी हातातले दुसरे काम बाजूला ठेवले आणि पुढची चार वर्षे यावर घालवली. त्यातून सहा चित्रांची मालिका तयार झाली. पहिली तीन दगडी छापाची, पुढची तीन तांब्याच्या पत्र्यावर सुईने रेघा ओढून आम्लाने कोरलेली. हे मुद्दाम सांगतो, कारण छापचित्राच्या अनेक प्रती निघतात. तैलचित्र एका श्रीमंताच्या दिवाणखान्यात जाऊन बसते. छापचित्र गरिबाच्या भिंतीवरही लागू शकते.

पहिल्या चित्रात दारिद्र्य आहे. खोलीत पलंगावर एक आजारी मूल, त्याच्या उशाशी दोन्ही हातांत डोके धरून बसलेली आई आणि मागे अख्खी खोली अडवून उभा असलेला माग. दुसऱ्यात मृत्यू घरात शिरतो. तिसऱ्यात दिव्याच्या उजेडात चार पुरुष टेबलाभोवती खलबत करतात. चौथ्यात मोर्चा, पाचव्यात मालकाच्या नक्षीदार फाटकावर हल्ला. तिथे बायका रस्त्याचे दगड उपटून देतात. आणि सहाव्यात पुन्हा तेच घर, तोच माग. मागाशेजारी जमिनीवर आणून ठेवलेली प्रेते आणि मुठी आवळून उभी असलेली बाई.

१८९८ मध्ये बर्लिनच्या मोठ्या प्रदर्शनात ही मालिका लागली. ज्येष्ठ चित्रकार मेंझेल यांनी तिला सुवर्णपदक द्यावे अशी शिफारस केली. सम्राट दुसरा विल्हेल्म याने ती फेटाळली. पदक गेले, पण चित्रे जगभर गेली. चीनमध्ये लेखक लू शून यांनी १९३६ मध्ये या बाईंच्या चित्रांचे पुस्तक काढले आणि तिकडच्या तरुण चित्रकारांच्या हातात पटाशी दिली.

भिस्सीत मांडलेले प्रदर्शन

मुलांचा वर्ग दुपारी होता. त्याआधी बाई जेवायला भिस्सीत घेऊन गेल्या. एकट्याने राहणारे कामगार जिथे महिन्याचे पैसे भरून जेवतात ती खानावळ म्हणजे भिस्सी. रात्रपाळीचे काही जण जेवून भिंतीला टेकून बसले होते. बाईंनी सांगितले, "सरांनी विणकरांची चित्रे आणलीत." मग ती सतरंजीवर पसरली गेली, कोपऱ्यांवर वाट्या आणि तांबे ठेवून.

आजमगढचे एक वयस्कर चाचा पहिल्या चित्रावर वाकले. आईकडे किंवा मुलाकडे पाहण्याआधी त्यांनी माग पाहिला. "ये तो खड्डी है मास्टरजी." त्यांच्या आजोबांचा असाच हातमाग होता म्हणाले, फक्त पाय खाली खड्ड्यात सोडून बसत. घरात माग नव्हता, मागात घर होते. रात्री मुले ताण्याखाली झोपत. जर्मनी कुठे आहे हे त्यांनी विचारले नाही. त्या खोलीत हवा कुठून येते, हे मात्र विचारले.

भिस्सीत पोळ्या लाटणारी तेलंगणाकडची एक बाई पदराला हात पुसत आली. तिने चौथे चित्र बोटाने दाखवले. मोर्चात पुरुषांच्या घोळक्याबरोबर एक बाई चालली आहे, तिच्या पाठीवर मूल आहे, त्याची मान लवंडलेली आहे. "सर, लेकरू झोपलंय का तापलंय?"

हे चित्र मी तीस वर्षे बघतो आहे. हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. मी म्हटले, "ठाऊक नाही."

ती म्हणाली, "तिला पण ठाऊक नसंल. चालताना मागं बघता येत नाही." मग थांबून म्हणाली, "लॉकडाऊनमध्ये आम्ही असंच निघालो होतो."

२०२० च्या मार्चअखेर माग एका रात्रीत थांबले. मीटर नाही तर पगार नाही, पगार नाही तर भिस्सी नाही. भिवंडीतून हजारो माणसे नाशिक महामार्गाने पायी निघाली. मे महिन्याच्या सुरुवातीला भिवंडी रोड स्थानकातून गोरखपूरकडे खास गाडी सुटली, तोवर कित्येक जण कसारा घाट चढून गेले होते. हे सारे आपण दूरदर्शनवर पाहिले आणि विसरलो. १८९७ सालची एक रेघ ते अजून धरून आहे.

सहावे चित्र चाचांनी हातात घेतले. बराच वेळ बोलले नाहीत. मग ते पालथे घालून बाजूला ठेवले आणि चहा मागवला. बाईंनी मला नंतर सांगितले, १९८४ मध्ये चाचा इथेच होते.

गाव जेव्हा रणांगण झाले

भिवंडीने युद्ध पाहिले नाही असे म्हणता येणार नाही. ७ मे १९७० रोजी शिवजयंतीच्या मिरवणुकीत दंगल उसळली आणि सत्तरहून अधिक माणसे गेली. न्यायमूर्ती मादन यांच्या आयोगाने त्याची सविस्तर चौकशी केली. १९८४ च्या मे महिन्यात पुन्हा तेच, अधिक भयंकर रूपात. घरे जळाली, माग जळाले. मागाला धर्म नसतो, पण तो जळाला की हिंदू कामगाराचाही मीटर थांबतो आणि मुसलमान कामगाराचाही.

याच भिवंडीने पुढे धडाही घेतला. १९८८ मध्ये पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी इथे मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या. शेजारी-शेजारी राहणारी, पण एकमेकांशी न बोलणारी माणसे पोलीस आणि एकमेक यांच्यासमोर नियमित बसू लागली. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. खोपडे यांनी पुढे यावर पुस्तकच लिहिले. त्याचे नाव 'मुंबई जळाली, भिवंडी का नाही?' असे आहे.

केथेबाईंच्या आयुष्यातही विणकरांच्या चित्रांनंतर युद्ध आले. १९१४ मध्ये पहिले महायुद्ध सुरू झाले तेव्हा त्यांचा धाकटा मुलगा पीटर अठरा वर्षांचा होता. स्वयंसेवक म्हणून जायला त्याला वडिलांची संमती हवी होती. वडील नाही म्हणाले. आईने मुलाची बाजू घेऊन वडिलांचे मन वळवले. ऑक्टोबरमध्ये पीटर बेल्जियममध्ये मारला गेला. ज्या आईने विणकराच्या घरातले प्रेत काढले होते तिच्याच घरी आता मरणाची बातमी आली, आणि त्याला जायला आपणच मदत केली हे तिला विसरता येणार नव्हते.

तिने हा अपराध लपवला नाही. १९२१-२२ मध्ये तिने 'युद्ध' ही सात लाकडी ठशांची मालिका केली. लाकडात पटाशीने कोरले की कोरलेला भाग पांढरा उमटतो, उरलेला काळा. मधली करडी छटा नाही. या चित्रांत ना तोफ आहे, ना झेंडा, ना शत्रू. पहिल्याच चित्रात एक आई आपले तान्हे मूल दोन्ही हातांनी पुढे धरते, अर्पण करते. दुसऱ्यात तरुण पोरे मृत्यूच्या ढोलामागे धावतात. मग आईबाप, विधवा, एकमेकींना कवटाळून मुलांना मध्ये लपवणाऱ्या आया. १९२४ मध्ये तिने 'युद्ध पुन्हा नको' असे भित्तिचित्र केले. मुलाच्या स्मारकासाठी गुडघे टेकलेल्या आईबापांची दोन शिल्पे करायला तिला अठरा वर्षे लागली. ती १९३२ मध्ये बेल्जियममधल्या दफनभूमीत बसवली गेली. पुढच्याच वर्षी हिटलर सत्तेवर आला आणि तिला कला अकादमीतून बाहेर पडावे लागले. १९४२ मध्ये नातू, त्याचेही नाव पीटर, रशियाच्या आघाडीवर पडला. २२ एप्रिल १९४५ रोजी, युद्ध संपायला दोन-अडीच आठवडे असताना, ती गेली.

आपल्याला विणू दिले नाही

इथे वाचकांना आमच्या घरातली आणखी एक गोष्ट सांगायला हवी. आमचे आजोबाही गिरणीत होते, सूत काढण्याच्या खात्यात. विणाई खात्यात पगार जास्त होता. पण तिथे आपल्या माणसाला प्रवेश नव्हता. कारण असे की धोट्यात कांडी बसवल्यावर सुताचे टोक धोट्याच्या छिद्रातून तोंडाने ओढून घ्यावे लागे. अस्पृश्याचे ओठ लागलेला धोटा सवर्ण विणकर ओठाला कसा लावणार? म्हणून आपली माणसे कमी पगाराच्या खात्यांत. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर रोखठोक मांडला. भांडवलदाराने केलेला अन्याय सर्वांना दिसत होता. शेजारच्या कामगाराने केलेला अन्याय मात्र कोणाला दिसत नव्हता.

केथेबाईंच्या सहा चित्रांत ही बाजू नाही. तिच्या देशात ती नव्हती. ती बाजू आपल्यालाच काढावी लागेल, आणि ती काढणारे आपल्यात झाले आहेत. नागपूरचे सावी सावरकर यांनी गळ्यात मडके बांधलेला माणूस आणि देवदासी अशा जाड, धारदार रेघांनी काढल्या की बघणाऱ्याला मान फिरवता येत नाही. चंद्रपूर जिल्ह्यातल्या सास्ती गावचे प्रभाकर पाचपुते कोळसा खाणीच्या मुलखात वाढले आणि कोळशानेच खाणकामगार काढतात. माणसाच्या डोक्याच्या जागी कधी दिवा, कधी अवजार.

मुंबईच्या अंधेरीत १९४६ पासून बंगालचे चित्तप्रसाद राहत. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात ते मिदनापूर जिल्ह्यातून पायी हिंडले आणि उपाशी माणसांची चित्रे काढली. त्या पुस्तकाच्या प्रती इंग्रज सरकारने जप्त करून जाळल्या. या माणसाने आपले ब्राह्मणी आडनाव टाकून दिले होते. चित्राखाली नुसते चित्तप्रसाद. आणि भिवंडीशेजारच्या ठाण्यात सुधीर पटवर्धन १९७५ पासून क्ष-किरणांचे डॉक्टर म्हणून काम करता करता कामगार, लोकल, चाळी रंगवत आले. त्यांनी १९९६ मध्ये 'दंगल' या विषयावरही चित्र केले. बर्लिनमध्ये डॉक्टर नवरा आणि चित्रकार बायको. ठाण्यात दोन्ही एकच.

मुलीने काढलेले तोंड

दुपारी वर्गात वीसेक मुले होती. मी सहा चित्रे भिंतीला लावली आणि एवढेच म्हटले, "आज आपापल्या घरातले एक माणूस काढा. सुंदर नको, खरे काढा." कोळशाच्या कांड्या वाटल्या. दहा मिनिटांत वीसही तोंडे काळी.

एका मुलाने जमिनीवरची गादी काढली. त्यावर बाप झोपलेला, आणि दारात दुसरा माणूस डबा घेऊन उभा. मी विचारले, "हे कोण?" तो म्हणाला, "हे पण इथंच झोपतात. पप्पा उठले की." दिवसपाळीचा आणि रात्रपाळीचा मिळून एकच गादी.

एका मुलीने बापाच्या चेहऱ्यासमोर स्वतःला काढले होते. स्वतःचे तोंड तिने पानाच्या निम्म्याइतके मोठे केले होते. दात, जीभ, सगळे. शेजारची मुले हसली. ती रडवेली झाली. म्हणाली, "पप्पांना ऐकू कमी येतं. मला लई मोठ्यानं बोलाय लागतं."

वाचकहो, चित्रकलेच्या पुस्तकांत अभिव्यक्तिवाद नावाचा एक मोठा शब्द आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीत तो वाढला. डोळ्यांना वस्तू जेवढी दिसते तेवढी न काढता मनाला ती जेवढी लागते तेवढी काढायची, हे त्याचे सार. केथेबाईंच्या चित्रांतले हात नेहमीच्या हातांहून मोठे असतात ते याच कारणाने. हा शब्द मी तीस वर्षे फळ्यावर लिहून शिकवला. त्या रविवारी त्या मुलीने तो मला समजावून दिला. हसणाऱ्या मुलांना मी तेच सांगितले. तिचे तोंड चुकलेले नाही. तेवढे मोठे नसते तर ते चूक ठरले असते.

एका रविवारी कोणी चित्रकार होत नाही. पण मूल जेव्हा पहिल्यांदा डोंगर-नदीऐवजी आपल्या बापाची गादी काढते, तेव्हा आपले घर चित्रात घालण्याजोगे आहे हे त्याला समजलेले असते. ज्या गावाचे कापड देशभर जाते त्या गावाचे चित्र भिंतींवर फारसे दिसत नाही. दंगलीची, इमारत पडल्याची, आगीची बातमी आली की तेवढ्यापुरते छायाचित्र येते. रोजचे बारा तास कोण काढणार? ज्यांच्या घरात ते घडतात त्यांनीच. त्याला महाग रंग लागत नाहीत. कोळसा आणि पाठकोरा कागद पुरतो. आपल्या प्रत्येक विहारात, वाचनालयात महिन्यातून एक दुपार एवढ्यासाठी राखता येईल, आणि मुलांनी काढलेले त्याच भिंतीवर लावता येईल. मोठ्यांनी ते पाहावे आणि हसू नये.

संध्याकाळी घरी परतलो. वडील आता पंच्याऐंशीचे आहेत. पहिले चित्र त्यांच्यासमोर धरले. चष्मा पुसून त्यांनी बराच वेळ पाहिले. मग मी कारखान्याविषयी, भिस्सीविषयी, त्या एका गादीविषयी सांगितले. संपाच्या दिवसांतले ते जुने वाक्य येईल असे मला वाटले होते. ते आले नाही.

"त्यांना मीटरमागं किती सुटतात?" त्यांनी विचारले.

मी आकडा सांगितला. ते मनाशी हिशेब करत राहिले. मग म्हणाले, "एवढ्यात कसं भागतं त्यांचं?"